होरी पान्यान गेली

१९९० च्या जूनमध्ये अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी रुजू झाले. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची. खडू-फळा योजनेतून आलेली गोष्टींची पुस्तकं त्या कपाटात होती. सगळी डेडस्टॉकला चढवलेली. एखादं हरवलं तर भरपाई कोणी करायची, ही धास्ती खरी होती. गुरुजी मनाने चांगले होते, मुलांवर त्यांची माया होती. पण पहिल्या वर्षभरात ते कपाट दोनदाच उघडलं, एकदा तपासणीला आणि एकदा वाळवी बघायला.

तेव्हा आम्ही वाचन शिकवायचो ते असं: आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग बिनकान्याचे शब्द, मग काना-मात्रा, शेवटी जोडाक्षरं. अर्थ असलेलं वाक्य मुलाच्या वाट्याला यायला दुसरी उजाडायची. तोवर निम्मी मुलं कंटाळलेली असायची. धडा मात्र वर्गाला तोंडपाठ असे. एकजण पुढे म्हणायचा, बाकीचे तालात मागे. पान उलटायचं राहून गेलं तरी पुढचा मजकूर बिनचूक येत राहायचा. त्याला आम्ही प्रगट वाचन म्हणत होतो, आणि मीही त्यावर समाधानी होते.

त्या समाधानाला पहिला तडा गेला तो दुसरीतल्या एका मुलीमुळे. फळ्यावर मी लिहिलं होतं, ‘होडी पाण्यात गेली’. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, ‘होरी पान्यान गेली’. मी तिला थांबवलं. ‘डी म्हण. पाण्यात म्हण, ण काढ.’ चार वेळा म्हणून घेतलं, पाचव्यांदा वर्ग हसला. ती खाली बसली आणि पुढचे कितीतरी दिवस तिने वाचायला तोंड उघडलं नाही.

ती आगरी घरातली मुलगी. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘पाण्यात’चं ‘पान्यान’ होतं. माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला की त्या मुलीने एकही चूक केली नव्हती. फळ्यावरचं पुस्तकी वाक्य तिने आधी समजून घेतलं आणि मग आपल्या भाषेत सांगितलं. नुसत्या अक्षरांना आवाज देत गेली असती तर ‘पाण्यात’चा प्रत्यय तिच्या तोंडून बदललाच नसता. वर्गातला सर्वांत खरा वाचक मी त्या दिवशी गप्प केला.

केनेथ गुडमन या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात मुलांच्या वाचनातल्या अशाच ‘चुका’ तपासल्या आणि मूल अर्थाकडे कसं जातं हे त्यांतून दिसतं, असं मांडलं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. संदर्भावरून अंदाज बांधत मूल वाचायला शिकतं, यावर फार भिस्त ठेवली तर कच्ची मुलं मागे राहतात. अक्षर नीट ओळखता आलंच पाहिजे. पण चुकीकडे बघायची ती नजर मला दहा वर्षं आधी मिळायला हवी होती, एवढं नक्की.

आणि आगरी ही इथली एकच वेगळी भाषा नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत घरी बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीतून घडलेली भाषा. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात, आणि त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. कातकरी वाडीतल्या मुलांची बोली वेगळी, कोकणी मुसलमान मोहल्ल्यातली वेगळी, कोळीवाड्यातली वेगळी. रायगडच्या किनाऱ्यावर पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात मुलं किती भाषा घेऊन शाळेत येतात ते मोजून पाहावं. आणि आम्ही या सगळ्यांपुढे एकच वाक्य ठेवायचो: ‘शुद्ध बोल.’

१९९५-९६ च्या सुमारास माझी बदली झाली आणि नव्या शाळेत कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मी पुस्तकं बाहेर काढून दोरीवर लटकवली. कोळीणबाया सुके बोंबील वलांडीवर घालतात, तशी खिडकीच्या गजापासून दारापर्यंत. पहिल्या पावसाळ्यात तीन पुस्तकं भिजली आणि दोन गेली. त्या दोनांचे पैसे मी भरले. त्यातलं एक पुढे चार वर्षांनी एका घरात सापडलं. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर माशांच्या पाट्यांचा हिशेब लिहिलेला होता. म्हणजे ते घरात वापरात होतं, आणि मला त्याचा आनंदच झाला.

पुस्तकं हाताशी आली तरी मुलं आपोआप वाचक होत नाहीत, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं. चित्रं बघून मुलं पुस्तक परत टांगायची. खरी सुरुवात झाली ती मी वाचून दाखवायला लागल्यावर, आणि त्याहूनही जास्त, वाचता वाचता थांबायला लागल्यावर. एक प्रसंग सांगते.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या ऐकत आली आहेत. मी गोष्ट वाचली, कावळ्याने खडे टाकले, पाणी वर आलं. तिसरीतला एक कोळ्याचा मुलगा म्हणाला, ‘बाई, येत नाय वर.’ मी म्हटलं, करून बघू. वर्गात तांब्या आणला, तळाशी थोडं पाणी घातलं आणि मुलांनी किनाऱ्यावरून आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या एकेक करून टाकल्या. तांब्या शिंपल्यांनी गळ्यापर्यंत भरला आणि पाणी खालीच राहिलं! शिंपल्यांमधल्या फटींतच ते जिरलं होतं. वर्गात जो कल्लोळ झाला तो मी कधी विसरणार नाही. मग गोष्ट खोटी का? एक मुलगी म्हणाली, मडकं अर्ध्याच्या वर भरलेलं असणार. दुसरा म्हणाला, कावळ्याने बारीक खडे घेतले असतील. तिसऱ्याने विचारलं, पुस्तकात मडक्यात पाणी किती होतं ते लिहिलंय का? सगळे पुन्हा पुस्तकावर तुटून पडले. कोणी न सांगता, एक ओळ शोधण्यासाठी तिसरीची मुलं परिच्छेद पुन्हा वाचत होती.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. वाचायचं, थांबायचं, विचारायचं. आणि विचारायचं ते ज्याचं उत्तर मलाही पक्कं माहीत नाही असं. ‘कावळा काय म्हणाला?’ या प्रश्नाला मूल उत्तर देतं आणि विसरतं. ‘तू असतास तर काय केलं असतंस, आणि असं का वाटतं?’ या प्रश्नाला ते पुस्तकाकडे परत जातं. उत्तर कुठल्याही बोलीत आलं तरी चालेल, हा नियम मी फळ्याच्या वर लिहून ठेवला. मुलं आधी आपल्या भाषेत बोलली की दोन-तीन महिन्यांत पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी आपसूक येऊ लागते. ‘होरी’ म्हणणारं मूल ‘होडी’ वाचायला शिकतंच, फक्त त्याची ‘होरी’ बुडवायची नाही.

चौथीच्या मुलांना मी दरवर्षी अलिबागजवळच्या आक्षीला नेत असे. वर चंद्र-सूर्य आणि खाली मराठी अक्षरं कोरलेला तिथला दगड वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उघड्यावर उभा होता. माणसं रोज त्याच्या शेजारून जात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यावरचा शक अनेक अभ्यासक ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचतात. काहींना ते वाचन मान्य नाही, ते तो लेख दोनशे वर्षं अलीकडे आणतात. मुलांना मी हे भांडण सांगायची. एकच दगड, त्याच रेघा, आणि मोठे विद्वान वेगळं वाचतात! मुलं दगडावर बोटं फिरवून आपापला अंक काढायची. वाचताना शंका घ्यायला परवानगी असते, हे त्यांना माझ्या कुठल्याही पाठापेक्षा त्या दगडाने जास्त नीट शिकवलं.

या काळात बाहेरून जे आलं त्यातलं काही फार मोलाचं होतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. आमच्याकडे ते पोस्टाने यायचं आणि पावसात कधी दोन अंक एकदम यायचे. जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत आहेत. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेल्या कथामालेमुळे अनेक शाळांत शनिवार हा गोष्टीचा वार झाला होता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चौथीच्या मुलांनी फाटेपर्यंत वाचला. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आली तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं, की यांतली मुलं खऱ्या मुलांसारखी रुसतात आणि बोलतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने २००७ पासून क्वेस्ट ही संस्था काम करते आहे. अख्खी बाराखडी संपायची वाट न बघता थोडी अक्षरं आणि थोडे स्वर घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यावेत, ही समज माझ्यासारख्या शिक्षकांपर्यंत अशा माणसांच्या कामातून झिरपली. ‘गोष्टरंग’मध्ये क्वेस्टचे कलाकार मुलांपुढे पुस्तकातली गोष्ट उभी करतात, गोष्ट बघितलेलं मूल नंतर पुस्तक शोधत येतं.

सरकारी उपक्रमांचं काय सांगावं? सर्व शिक्षा अभियान, चावडी वाचन, रचनावादी वर्ग बघायला कुमठे बीटच्या सहली, २०१५ पासून १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. शिक्षण हक्क कायद्याने तर २०१० पासून प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलंच पाहिजे असं म्हटलं. यातलं चावडी वाचन मला कधीच रुचलं नाही. गावापुढे उभं राहून वाचणारं मूल अर्थाकडे बघत नाही, माणसांच्या तोंडाकडे बघतं. पाच मुलं टाळ्या घेतात आणि दहा जण त्या दिवशी शाळा चुकवतात. वाचन प्रेरणा दिन मात्र, फोटोपुरता न केला तर, चांगला आहे. वर्षातला एक दिवस तरी साहेबांना पुस्तकं बाहेर दिसावी लागतात.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली, शाळांची कौलं आणि पत्रे उडाले. आमच्या शाळेचे निम्मे पत्रे शेतात सापडले. दोरीवरची पुस्तकं लगद्यासारखी भिंतीला चिकटली होती. तीस वर्षांत जमवलेल्यातली जेमतेम साठ पुस्तकं हाती लागली, ती आम्ही अंगणात उन्हात पान-पान सुटं करून वाळवली. मोबाइलवरचा अभ्यास आमच्या वाडीत चार-पाच घरांपलीकडे पोचला नाही. म्हणून मी त्या साठ पुस्तकांच्या सहा पिशव्या केल्या आणि सहा आळ्यांत सहा मोठ्या मुलींकडे दिल्या. संध्याकाळी ओट्यावर त्या धाकट्यांना वाचून दाखवत, त्यांच्याच बोलीत समजावत. त्या दोन वर्षांत त्या मुलींनी जे केलं ते मी पगार घेऊन पहिल्या पाच वर्षांत केलं नव्हतं.

देशाचा हिशेब ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालांत दिसतो. ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ती ४२.८ वर आली आणि २०२४ मध्ये ४८.८ वर चढली. घसरण भरून येते आहे, पण अजूनही पाचवीतलं प्रत्येक दुसरं मूल दुसरीचं पान नीट वाचत नाही. आणि ही फक्त वाचता येण्याची मोजणी. तांब्यात शिंपल्या टाकून बघणाऱ्यांची मोजणी यात नाही, ती व्हायला हवी.

कातकरी मुलांच्या बाबतीत मला यश आलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जात, मुलं त्यांच्याबरोबर. जूनमध्ये परत येत तेव्हा अक्षरं पुसट झालेली असत. दोन-तीनदा मी जाताना त्यांच्या बोचक्यात पुस्तकं दिली. एकदा एक पुस्तक परत आलं, विटांच्या धुळीने लाल झालेलं, पण सबंध वाचलेलं. एवढ्यावर मला थांबावं लागलं. भट्टीवर शाळा पोचायला हवी, ते एकट्या शिक्षकाच्या हातचं काम नाही.

२०२४ मध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या वर्षी माझ्या शाळेचा पट चौदा होता. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्यात २०२३ पासून चालू आहे, आणि आमच्या डोंगर-खाडीच्या जिल्ह्यात अशा शाळा पुष्कळ आहेत. सहा वर्षांचं मूल खाडी ओलांडून दुसऱ्या गावी रोज जाईल, यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे. पण समजा एखादी शाळा हललीच, तर गावकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. बाकं न्या, फळे न्या, संगणक न्या. पुस्तकं मात्र डेडस्टॉकमधून कमी करून गावातच ठेवा. समाजमंदिरात, अंगणवाडीत, देवळाच्या ओवरीत, कुठेही, पण कुलपाशिवाय. आणि चौथी झालेली एखादी मुलगी शोधून तिच्या हातात पिशवी द्या.