तीस अक्षरांतले गाणे

सीडीवरचे गाणे म्हणजे आकड्यांची माळ. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची मोजणी होते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी; प्रत्येक मोजणीला १६ बिट लागतात. चार मिनिटांच्या गाण्याला या हिशेबाने ४० एमबीहून अधिक जागा लागते. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या ५६ केबीपीएसच्या मोडेमने पूर्ण वेग गाठला, तरी ते गाणे उतरायला दीड तासाहून अधिक वेळ लागला असता. गाण्याची फाइल लहान करणाऱ्या एमपी३ पद्धतीने तेच काम नऊ-दहा मिनिटांवर आणले.

ही बचत कानाच्या एका मर्यादेवर उभी आहे. ढोल-ताशा पथक दारावरून जात असताना शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मोठा आवाज त्याच्या जवळपासच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो, आणि हे झाकणे क्षणभर आधी-नंतरही टिकते. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला, या विचारावर जर्मनीतल्या एर्लांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी काम करत होते. चाचणीसाठी त्यांनी सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे वापरले. त्यात वाद्य नाही, एकटा गळा आहे. त्यामुळे छाटणी जराही चुकली की ती लगेच उघडी पडे. एमपी३ची प्रमाणपद्धती १९९२ साली ठरली आणि ‘एमपी३’ हे फायलीचे नाव जुलै १९९५ मध्ये.

छाटणी किती करायची हे बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती बिट ठेवायचे यावर, ठरते. १२८ केबीपीएसला मूळ माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. १६ हजार हर्ट्झच्या वरचे स्वर बहुधा कापले जातात. पन्नाशी ओलांडलेल्या कानांना त्याचे फारसे दुःख नसते. खरी अडचण कडक आघातांची. एमपी३ आवाज साधारण २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत हाताळते, आणि तबल्याची थाप किंवा टाळाचा ठोका तुकड्याच्या मध्येच आला की छाटणीतला गोंधळ ठोक्याच्या आधीच्या शांततेत सांडतो. ठोक्याची धार बोथट होते. २५६ किंवा ३२० केबीपीएसला मात्र मूळ आणि नक्कल ओळखणे बहुतेकांना जमत नाही, महागडे हेडफोन लावले तरी.

म्हणूनच एमपी३ने आवाज बिघडवला ही तक्रार अर्धीच खरी आहे. एमपी३चा मोठा परिणाम ऐकण्याच्या सवयीवर झाला. माध्यमाने संगीताला वळण लावणे नवे नाही: ७८ आरपीएमच्या तबकडीसाठी अब्दुल करीम खाँसारख्या गायकाला राग सुमारे तीन मिनिटांत मांडावा लागे. एलपीने एका बाजूला वीसेक मिनिटे दिली, कॅसेटने दोन्ही बाजू मिळून तास-दीड तास. एमपी३ला लांबीची अटच नव्हती; गेला तो अल्बममधल्या गाण्यांचा क्रम. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये पाच जीबीत हजार गाणी मावत, आणि २००३ पासून आयट्यून्सवर ९९ सेंटला सुटे गाणे मिळू लागले. आपल्याकडे एकेका सीडीवर शंभर-सव्वाशे गाणी कोंबलेल्या एमपी३ सीडी आल्या. पुढे मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर गाणी ‘भरून’ मिळू लागली. ‘भरणे’ हे क्रियापद पूर्वी धान्याचे आणि पाण्याचे होते.

या भरण्यात नावे गळाली. गाण्याची माहिती फायलीतच ठेवण्यासाठी १९९६ साली आयडी३ नावाची पुरवणी आली. ती अवघी १२८ बाइटची: शीर्षकाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, शिवाय वर्ष, शेरा आणि संगीतप्रकार. देवनागरीची सोय नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीत पोल्काला जागा होती, नाट्यसंगीताला नव्हती. आणि कलाकार एकच! गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे आकाशवाणीवर ऐकून भावगीत ओळखणाऱ्या श्रोत्यांसाठी हे नुकसान सोळा हजार हर्ट्झवरच्या स्वरांपेक्षा मोठे होते. १९९८च्या सुधारित आवृत्तीत गीतकार आणि संगीतकारासाठी रकाने आले. पण रकाना कोणी भरला तरच उपयोगाचा.

आता फायलींची जागा स्ट्रीमिंगने घेतली आहे, एमपी३ची पेटंटेही २०१७ पर्यंत संपली. एकही बिट न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणणारी फ्लॅक पद्धत २००१ पासून मोफत उपलब्ध आहे. घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर घ्यायच्या असतील, तर मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी. एमपी३ त्यावरून केव्हाही करता येते, उलट करता येत नाही. आणि कॅसेटच्या वेष्टनावरची कवीची, संगीतकाराची, तबल्यावर साथ करणाऱ्याची नावे त्याच बैठकीत टाइप करून टाकावीत.