रेजेक्सचे फ्लॅग आणि मराठीतला शब्द

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कामाच्या बोलण्यात रेजेक्स, हा मजकुरात काय शोधायचे याचा नमुना. पण नुसता नमुना वाचून तो नेमके काय शोधील हे सांगता येत नाही. सोबत कोणते फ्लॅग दिले आहेत तेही पाहावे लागते. पायथॉनच्या आरई मॉड्यूलमध्ये हे फ्लॅग कसे चालतात ते सावकाश पाहू. मराठी मजकुरावर काम करायचे असेल तर ते कुठवर साथ देतात हे माहीत असणे फार गरजेचे आहे.

फ्लॅग म्हणजे आतून एक संख्या. इग्नोरकेस २, मल्टिलाइन ८, डॉटऑल १६, व्हर्बोज ६४, ॲस्की २५६. या सगळ्या संख्या दोनचे घात आहेत, म्हणून प्रत्येकीचा बिट स्वतंत्र. दोन फ्लॅग एकत्र हवे असतील तर मधे उभी रेघ द्यायची. इग्नोरकेस आणि मल्टिलाइन मिळून १० होतात, आणि त्या १० मधून इंजिन दोन्ही बिट अचूक वेगळे काढते.

फ्लॅग ही संख्याच असल्यामुळे एक चूक सहज घडते. बदली करणाऱ्या सब या फंक्शनला आधी नमुना, मग नवा मजकूर, मग मूळ मजकूर द्यायचा असतो. चौथी जागा फ्लॅगची नाही, किती बदल करायचे त्या आकड्याची आहे. तिथे इग्नोरकेस लिहिला की पायथॉन तो २ असा वाचतो. पहिले दोन बदल होतात, बाकीचे राहून जातात, कॅपिटल-स्मॉलचा भेदही तसाच राहतो, आणि एरर काही येत नाही. म्हणून फ्लॅग नेहमी नाव लिहूनच द्यावा. नाव न लिहिता तो देण्याची पद्धत आवृत्ती ३.१३ पासून कालबाह्य ठरवली आहे, हे चांगलेच झाले.

सगळ्यांत जास्त गोंधळ मल्टिलाइन आणि डॉटऑल यांचा होतो. तीन ओळींचा मजकूर घ्या: पुणे, नाशिक, सातारा, प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर. नमुना आहे ^.+ म्हणजे सुरुवातीपासून एक किंवा अधिक अक्षरे. फाइंडऑलने शोध घेतला आणि फ्लॅग दिला नाही, तर फक्त पुणे मिळते. कारण ^ हे चिन्ह संपूर्ण मजकुराची सुरुवात दाखवते आणि टिंब ओळ ओलांडत नाही. मल्टिलाइन दिला की ^ प्रत्येक ओळीच्या आरंभी जुळते आणि तिन्ही नावे वेगवेगळी हाती येतात. डॉटऑल दिला तर टिंब ओळीचा शेवटही गिळते, म्हणून तिन्ही ओळी मिळून एकच लांब उत्तर येते. दोन्ही दिले तरी एकच उत्तर, कारण टिंबाने पहिल्याच झटक्यात सगळे संपवलेले असते. थोडक्यात, मल्टिलाइन ^ आणि $ यांचा अर्थ बदलतो, डॉटऑल टिंबाचा. ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. पर्लमध्ये डॉटऑलचे काम एस हे अक्षर करते आणि रुबीमध्ये तेच काम एम करते, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत नमुना नेताना हे अक्षर तपासूनच न्यावे.

व्हर्बोज नमुन्यातल्या मोकळ्या जागा दुर्लक्षितो आणि # नंतरचा मजकूर टीप मानतो. लांब नमुना ओळींत मोडून शेजारी कारण लिहिता येते. माझ्या मते दोन ओळींपेक्षा मोठा नमुना या फ्लॅगशिवाय लिहूच नये. खरी स्पेस शोधायची असेल तर मात्र तिच्याआधी बॅकस्लॅश द्यायला हवा.

आता युनिकोड. पायथॉन ३ मध्ये मजकुराच्या नमुन्यांना तो आपोआप लागू असतो. त्यामुळे अंक शोधणारे बॅकस्लॅश-डी हे चिन्ह देवनागरी १, २, ३ सुद्धा ओळखते. पिनकोडच्या रकान्यात कुणी ४११००४ असे देवनागरीत लिहिले तरी ते चालते. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तेव्हा ॲस्की फ्लॅग द्यावा. इग्नोरकेसचा देवनागरीवर काहीच परिणाम नाही, कारण आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाहीच.

खरी अडचण शब्दाची आहे. बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे शब्दातले अक्षर. आरई मॉड्यूल त्यात अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर धरते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही युनिकोडमध्ये जोडचिन्हांच्या वर्गात येतात, त्यामुळे ती त्यातून वगळली जातात. ‘मराठी’ या शब्दावर बॅकस्लॅश-डब्ल्यूला + जोडून केलेला नमुना चालवला की ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात.

शब्दाची सीमा दाखवणारे बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर उभे आहे, आणि तिथे नुकसान अधिक खोल आहे. दोन्ही बाजूंना सीमा लावून ‘मराठी’ शोधा. ‘मराठी भाषा’ यात तो शब्द सापडत नाही, कारण शेवटची वेलांटी आणि पुढची स्पेस दोन्ही शब्दाबाहेरच्या ठरतात आणि त्यांच्यात सीमाच उरत नाही. ‘मराठीत’ या शब्दात मात्र वेलांटीनंतर त येतो, तिथे सीमा धरली जाते आणि नको असलेला शब्द जुळतो. ‘नाशिक’ नीट सापडते, ‘पुणे’ सापडत नाही. एखादा फ्लॅग देऊन हे सुधारत नाही. ॲस्की दिला तर देवनागरीतले एकही अक्षर शब्दात धरले जात नाही.

उपाय दोन आहेत. रेजेक्स याच नावाची वेगळी लायब्ररी घ्यावी, ती जोडचिन्हे शब्दातच धरते. नाहीतर सीमा आपणच लिहावी: शब्दाच्या मागे आणि पुढे युनिकोडच्या ०९०० ते ०९७एफ या देवनागरी पट्ट्यातले चिन्ह नसावे, अशी अट घालायची. या पट्ट्यात दंडही आहेत, तेव्हा पोथ्यांचा मजकूर असेल तर ०९६४ आणि ०९६५ वगळावेत. आणि ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र काही जण २००डी हा अदृश्य जोडक वापरून टंकतात. तो पट्ट्याबाहेर आहे, म्हणून अटीत त्याचीही भर घालावी.