अंतःकरण कसं मोजायचं? ख्रिस्ती श्रद्धा, नातेसंबंध आणि तीन जुने अभ्यास

समजा, तुम्ही मार्गदर्शकांकडे विषय घेऊन गेलात: ‘ख्रिस्ती व्यक्तीच्या अंतःकरणाच्या स्थितीचा तिच्या इतरांशी असलेल्या संबंधांवर होणारा परिणाम’. विषय चांगला आहे. ज्या अर्थी अंतःकरण भरलेलं असतं तेच तोंडातून बाहेर पडतं, ही शिकवण मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत आहे, त्या अर्थी श्रद्धावंताला हा संबंध सिद्ध करायची गरजच वाटत नाही. पण मार्गदर्शक एकच प्रश्न विचारतील आणि तुमची बोलती बंद होईल: ‘अंतःकरण मोजणार कसं?’

आजच्या लेखात याच प्रश्नाशी झगडलेले तीन अभ्यास बघू. तुमचा विषय वेगळा असला तरी हरकत नाही. आत दडलेली आणि डोळ्यांना न दिसणारी कुठलीही गोष्ट अभ्यासायची असेल, तर अडचणी ह्याच येतात.

पहिला अभ्यास: धर्म कशासाठी?

गॉर्डन ऑलपोर्ट हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ. पूर्वग्रहांवरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. त्यांना एक कोडं छळत होतं. चर्चला जाणारे लोक, सरासरी पाहिली तर, न जाणाऱ्यांपेक्षा जास्त पूर्वग्रहदूषित निघत होते. आणि तरीही द्वेषाविरुद्ध हिरिरीने उभे राहणारे कितीतरी जण चर्चमधूनच आलेले होते. मग धर्म माणसं जोडतो की तोडतो?

ऑलपोर्ट म्हणाले, ‘चर्चला जाता का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी जाता ते विचारा. त्यांनी दोन प्रेरणा वेगळ्या केल्या. काहींसाठी धर्म हे साधन असतं: ओळखी, प्रतिष्ठा, आधार, सुरक्षितता मिळवण्याचं. ही बाह्य प्रेरणा. काहींसाठी श्रद्धा हेच साध्य असतं आणि बाकीच्या गरजा तिच्या मागून येतात. ही आंतरिक प्रेरणा. १९६७ मध्ये ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी सहा ख्रिस्ती पंथांतल्या ३०९ चर्चला जाणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय, ज्यू, मानसिक रुग्ण यांच्याबद्दलचे पूर्वग्रह त्यात तपासले होते. बाह्य प्रेरणेचे लोक आंतरिक प्रेरणेच्या लोकांपेक्षा अधिक पूर्वग्रह बाळगणारे निघाले.

आता गंमत बघा. एक तिसरा गट अनपेक्षितपणे समोर आला. धर्माच्या बाजूचं कुठलंही विधान दिसलं की हे लोक ‘हो’ म्हणत, मग ती विधानं एकमेकांना छेद देणारी का असेनात. पूर्वग्रह सर्वांत जास्त याच गटात होता. आकडेवारीत न बसणारे लोक बाजूला टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. ऑलपोर्ट आणि रॉस यांनी तो टाळला, म्हणून हा निष्कर्ष हाती लागला. तुमच्या माहितीतही असा गट निघेल. त्याला फेकून देऊ नका.

दुसरा अभ्यास: पण हे खरं बोलताहेत का?

इथपर्यंत सगळं छान. अंतःकरण शुद्ध, तर नाती शुद्ध. पण डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक शंका आली. प्रश्नावलीत ‘मी सर्वांना समान मानतो’ यावर खूण करायला काय लागतं? आपण चांगले दिसावं ही इच्छा आपल्या उत्तरांत नकळत झिरपते. तिला आपण सामाजिक इष्टता म्हणतो.

१९७८ च्या अभ्यासात त्यांना आढळलं की आंतरिक प्रेरणेचे गुण आणि चांगलं दिसण्याची ओढ यांचा आपसात संबंध आहे. मग त्यांनी नुसतं मत न विचारता निवड करायला लावली. तुमची मुलाखत कोणी घेतलेली आवडेल, गोऱ्या मुलाखतकाराने की कृष्णवर्णीय? प्रत्यक्ष मुलाखत होणार आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होती. इथे मात्र आंतरिक प्रेरणा आणि कमी पूर्वग्रह यांच्यातला संबंध दिसेनासा झाला.

याचा अर्थ ते ढोंगी होते असा होतो का? नाही. घाईने तसं लिहू नका. अर्थ एवढाच की प्रश्नावली माणसाची स्वतःबद्दलची समजूत मोजते. ती समजूत आणि शेजाऱ्याला येणारा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा अभ्यास: यरीहोची वाट

लूकच्या दहाव्या अध्यायातला दयाळू शोमरोनी आठवतो ना? लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला वाटसरू, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी, आणि थांबणारा परका. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि बॅटसन यांनी हा दृष्टान्तच प्रयोगात उतरवला. सहभागी होते प्रिन्स्टनच्या ईश्वरविज्ञान शाळेचे विद्यार्थी. काहींना याच दृष्टान्तावर बोलायचं होतं, काहींना नोकरीच्या संधींवर. बोलण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायचं. वाटेत दारापाशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसलेला. निघताना कुणाला सांगितलं, ‘अजून वेळ आहे’. कुणाला, ‘उशीर झालाय, पळा.’

४० पैकी १६ जणांनी मदत केली. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के, मध्यम घाईतले ४५ टक्के आणि फार घाईतले फक्त १० टक्के. शोमरोन्यावर बोलायला निघाल्यामुळे लक्षणीय फरक पडला नाही. धार्मिक प्रेरणेवरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही.

इथे दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, टक्क्यांमागची माणसं मोजा. फार घाईच्या गटात दहाच जण होते. १० टक्के म्हणजे एकच माणूस. निवांत गटात तर आठच होते. दोन, ‘प्रेरणेचा परिणाम नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण जे थांबले त्यांच्यात फरक होता. तो माणूस म्हणत होता की मी गोळी घेतली आहे, जरा बसलो की बरं वाटेल. काही जण हे ऐकून त्याच्या कलाने वागले. काही ऐकेचनात, त्याला कुठेतरी नेण्याचा हट्टच धरून बसले. श्रद्धेकडे शोध म्हणून, प्रश्न मोकळे ठेवून बघणारे पहिल्या प्रकाराकडे झुकत होते. म्हणजे अंतःकरणाचा ठसा मदतीच्या पद्धतीवर होता. थांबणं मात्र घड्याळावर अवलंबून होतं.

संशोधकांनी न थांबणाऱ्यांना निर्दय ठरवलं नाही, हेही लक्षात घ्या. पलीकडे कुणीतरी वाट पाहत होतं, त्यालाही शब्द दिलेला होता. तो पेच होता.

मग तुमच्या आराखड्यात काय?

आधी शब्द. मराठी पवित्र शास्त्रात ‘अंतःकरण’ आहे, रोजच्या बोलण्यात ‘मन’ आणि कवितेत ‘हृदय’. हिब्रू ‘लेव’मध्ये भावनेबरोबर विचार आणि इच्छाही येतात, त्यामुळे तो आपल्या ‘मना’च्या जवळ जातो. इंग्रजी प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करून ‘तुमचं हृदय कसं आहे?’ असं विचाराल तर लोक रक्तदाबाची गोळी दाखवतील!

दुसरं, एकाच तोंडून माहिती घेऊ नका. माझ्या सरावाच्या मुलाखतींत मंडळीतल्या एका आजींना मी विचारलं, ‘आजी, तुम्ही लोकांना मनापासून क्षमा करता का?’ त्या हसून म्हणाल्या, ‘बाळा, हे मला कशाला विचारतोस? माझ्या सुनेला विचार.’ माझ्या प्रश्नावलीतली सर्वांत मोठी त्रुटी त्यांनी एका वाक्यात दाखवली. नात्याला दोन टोकं असतात आणि मी एकाच टोकाला उभा होतो.

तिसरं, परिस्थितीची नोंद ठेवा: घाई, थकवा, पैशाची चणचण. नाहीतर घड्याळाचा दोष अंतःकरणावर लादाल.

आणि शेवटचं. आजी बोलत होत्या तेव्हा माझं लक्ष रेकॉर्डरवर आणि पुढच्या मुलाखतीच्या वेळेवर होतं. त्या थकल्या होत्या हे मला घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. त्या प्रयोगातल्या दारावरून मीही गेलोच होतो. म्हणून आता दोन मुलाखतींमध्ये मी एक तास मोकळा सोडतो. तुम्हीही वेळापत्रकात तो तास धरा.