कॉन्व्हेंट की झेडपी? शाळेच्या नावानं पोरगं घडतं का, पालकांनी नेमकं काय पाहावं

बुटीबोरी : सकाळी एमआयडीसीच्या बसगाड्यांसोबतच शाळांच्या पिवळ्या बसगाड्याही रस्त्याला लागतात. आजूबाजूच्या खेड्यांतली लहान लहान लेकरं टाय लावून, टिफिन घेऊन फाट्यावर उभी असतात. त्याच गावात जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर असते, पण तिथला पट दरवर्षी कमी होतो. कापसाच्या चुकाऱ्यातून किंवा कंपनीच्या पगारातून आधी फी आणि बसचे पैसे बाजूला काढणारी घरं आता गावोगावी आहेत. प्रवेशाचे दिवस आले की पानठेल्यावर एकच प्रश्न निघतो, पोराला झेडपीत टाकावं की कॉन्व्हेंटात? शाळा चांगली मिळाली तर पोरगं घडलंच, असं खरंच असतं का?

अभ्यास काय सांगतात?

या प्रश्नाचा मोठा अभ्यास तेव्हाच्या आंध्र प्रदेशात झाला. २००८ पासून चार वर्षे, १८० गावांत. सरकारी शाळेतल्या काही मुलांना सोडत काढून खासगी शाळेत शिकायला पैसे दिले गेले. सोडत असल्यामुळे हुशार पोरं एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे असं झालं नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोघंही सारखेच निघाले. हिंदीत मात्र खासगीतली मुलं पुढे होती, कारण तिथं हा विषय जास्त शिकवला जात होता.

म्हणजे नुसती शाळा बदलून गणित सुधारलं नाही. पण खासगी शाळा हाच निकाल सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी खर्चात देत होत्या, हेही त्याच अभ्यासात दिसलं. त्यामुळे झेडपीच्या बाजूनंही फार मिरवण्यासारखं काही नाही.

मार्क वेगळे, माणूस वेगळा

शाळेचा परिणाम मार्कांपुरताच नसतो. दिल्लीत २००७ नंतर अनेक मोठ्या खासगी शाळांना गरीब घरची मुलं घ्यावी लागली. गौतम राव या संशोधकानं तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब मुलांसोबत बसलेली ही मुलं जास्त मदत करणारी झाली आणि गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. मार्कांवर मात्र मोठा परिणाम दिसला नाही. बाजूला कोण बसतं, यावरून पोराचा स्वभाव घडतो तो असा.

याची उलटी बाजूही आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्यांना वर्गात वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. तहान लागली तरी शिपायानं पाणी दिल्याशिवाय पिता येत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. शाळेनं अक्षर दिलं आणि घावही दिला. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

एक मास्तर पुरतो

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकले. घरची परिस्थिती हलाखीची, आई मिळेल ते काम करायची. पुढे गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी त्यांना भिंग देऊन सूर्याचे किरण एका जागी आणायला लावले. कागद जळाला, आणि मन असंच एका ठिकाणी लावायचं हे पोराच्या डोक्यात बसलं. ही आठवण माशेलकर अनेकदा सांगतात. ती शाळा काही श्रीमंतांची नव्हती.

मग पालकांनी काय पाहावं?

शाळेचं गेट आणि गणवेश पाहून निर्णय घेऊ नका. घरीच एक परीक्षा घ्या. पाचवीतल्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या. हातच्याची वजाबाकी आणि एक साधा भागाकार करायला लावा. जमत नसेल तर फी कितीही असो, गडबड आहे. इंग्रजी कविता पाठ आहे, पण तिचा अर्थ विचारला की पोरगं गप्प, हेही तपासा.

या गोष्टीही ध्यानात ठेवा :

• शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. गावच्या शाळेत शिक्षक कमी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

• खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवर सोडतीनं मोफत प्रवेश मिळतो. सरकारी शाळेच्या एक किलोमीटरमधल्या खासगी शाळांना यातून सूट देण्याचा राज्याचा २०२४ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. त्यामुळे 'जवळ झेडपीची शाळा आहे' म्हणून अर्ज सोडू नका.

• आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेतून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. ती सरकारी, झेडपी, पालिका आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. विनाअनुदानित कॉन्व्हेंटात नाव असलं की ही संधी जाते, हे प्रवेश घेतानाच पाहा.

• जिल्ह्यात नवेगाव खैरीला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

बुटीबोरीत परप्रांतातून कामाला आलेल्यांची लेकरं आणि इथल्या शेतकऱ्याची लेकरं एकाच वर्गात बसतात. त्यांच्या वर्गात शिक्षक रोज येतो का, आणि आपलं पोरगं घरी येऊन शाळेत काय झालं ते सांगतं का, एवढं आधी पाहा. कोणत्याही शाळेत नाव घातलं तरी पुढच्या पालकसभेला जायला विसरू नका.