अलाबामाचे अंध गायक आणि परत आलेली गाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे अलाबामा नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील टालाडेगा ह्या गावी कृष्णवर्णीय मूकबधिर व अंध मुलांची एक सरकारी शाळा होती. गोऱ्या मुलांची शाळा निराळी, काळ्या मुलांची निराळी, असा तेथला त्या काळचा नियम. ज्यांना स्वतःचा वर्ण डोळ्यांनी पाहता येत नव्हता, त्यांचीही वाटणी वर्णावरूनच व्हावी, ह्याहून नवल ते कोणते? ह्याच शाळेतील काही मुलांनी १९३९ च्या सुमारास एकत्र येऊन गाण्याचा एक मेळा जमविला. क्लॅरेन्स फाउंटन आणि जॉर्ज स्कॉट ही त्यांतील दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. दोघेही तेव्हा दहा वर्षांच्या आतबाहेर होते.

रेडिओवर ‘गोल्डन गेट क्वार्टेट’ नावाच्या मेळ्याचे गायन लागे. ते ही मुले कान टवकारून ऐकत आणि मागाहून आपापसांत स्वर वाटून घेऊन तेच गाणे पुन्हा उभे करीत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जवळपासच्या लष्करी छावण्यांतून शिपायांपुढे गाऊन त्यांनी पहिली कमाई केली. १९४४ साली बर्मिंगहॅमच्या रेडिओ केंद्रावरून त्यांचे गाणे झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि गावोगाव गात हिंडण्याचा धंदा पत्करला. अंध मुलांनी निवारा सोडून रस्त्यावर यावे हे धाडसच होय. शिवाय तो दक्षिणेतील रस्ता. काळ्या माणसाला वाटेत कोठल्याही खानावळीत बसून जेवता येईल अशी तेथे सोय नव्हती.

मेळ्याचे मूळ नाव ‘हॅपीलँड ज्युबिली सिंगर्स’. १९४८ साली न्यूअर्क शहरातील एका कार्यक्रमात मिसिसिपी राज्यातील अशाच दुसऱ्या अंध गायकांशी त्यांचा सामना ठेवला होता. भरविणाऱ्याने गर्दी खेचण्यासाठी ‘अंध मुलांची लढाई’ अशी जाहिरात केली. लढाई संपली, नाव मात्र दोघांनाही कायमचे चिकटले. ‘ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा’, म्हणजे अलाबामाची अंध पोरे, हे नाव त्यांनी नव्वदीच्या घरात जाईपर्यंत मिरविले.

आता हे गायन कसे असते ते थोडे सांगितले पाहिजे. चौघांचे गायन म्हणून त्यास ‘क्वार्टेट’ म्हणतात. (आपल्याकडे ‘चौकडी’ ह्या शब्दाला जरा वाईट वास आहे, म्हणून मी मेळा म्हणतो.) माणसे पाच-सहाही असतात, चार हे स्वरांचे थर होत. खाली खर्जाचा बास, त्यावर बॅरिटोन, त्यावर टेनर, आणि ह्या सर्वांच्या पुढे मुख्य गायक. जुन्या काळी वाद्ये नसत. टाळी आणि पायाचा ठेका हाच ताल. मुख्य गायक एक ओळ टाकतो, मागचे ती झेलतात व पुन्हा त्याच्या हाती देतात. आपल्या गावच्या भजनात बुवा आणि टाळकरी ह्यांचे जसे चालते तसेच हे. रंग चढला की मुख्य गायक शब्द सोडून देतो. हाक, हुंदका, आरोळी, जे गळ्यात येईल ते बाहेर पडते, आणि मागचे तिघे मात्र तसूभर न ढळता आपला ठेका धरून राहतात. आमच्या चर्चमधील गायकवृंदाला मेस्ताचा हात दिसतो. ह्यांना हातही दिसत नाही आणि डोळ्यांची खूणही दिसत नाही. सारा भरवसा एकमेकांच्या आवाजावर.

ह्या गाण्याचे मूळ गुलामीत आहे. कापसाच्या मळ्यांतून राबणाऱ्या गुलामांनी इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा ऐकली आणि ती आपलीच कथा म्हणून गाइली. गुलामी संपल्यावर, १८७१ साली, नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाचे विद्यार्थी आपल्या कर्जबाजारी शाळेसाठी पैसा जमविण्यास ही गाणी घेऊन निघाले. ‘ज्युबिली’ हे त्यांच्या मेळ्याचे नाव लेवीयाच्या ग्रंथातील पन्नासाव्या वर्षावरून, दासांना मोकळे करण्याच्या वर्षावरून, घेतलेले. त्या मेळ्याची एक शाखा फ्रेडरिक लाउडिन ह्यांच्या नेतृत्वाखाली जगभर फिरत १८८९ साली हिंदुस्थानात आली आणि ताजमहालाच्या घुमटाखाली गाऊन गेली. त्याच्या सोळा वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. त्या गुलामांची लेकरे मराठी मुलुखाला अगदीच परकी नव्हती, एवढे ध्यानात यावे म्हणून हे सांगितले.

ही अंध मंडळी आपल्या कॅथलिक पंथाची नव्हेत. ती बॅप्टिस्ट वळणाच्या देवळांतून वाढलेली. त्या देवळांत गाणे दोनच प्रकारचे मानीत: देवाचे आणि सैतानाचे. मधली वाट नव्हती. आणि नेमक्या ह्याच काळात ती मधली वाट फुटली. रे चार्ल्स नावाचा एक तरुण, तोही अंध व तोही अंधशाळेत शिकलेला, १९५४ साली येशूच्या एका भक्तिगीताची चाल घेऊन तिच्यावर प्रेयसीचे गाणे बसवून गेला. देवळातला गळा, देवळातला ठेका, देवळातला हुंदका. पालटले ते फक्त नाव. लोक अक्षरशः वेडे झाले. ह्यालाच पुढे ‘सोल’ संगीत म्हणू लागले. सोल म्हणजे आत्मा. नाव मोठे बोलके आहे: आत्मा देवळाबाहेर पडला तरी त्याने आपले नाव टाकले नाही.

सॅम कुक हा ‘सोल स्टरर्स’ ह्या नामांकित भक्तिमेळ्याचा मुख्य गायक. १९५७ साली तोही प्रेमगीतांकडे वळला आणि वर्षभरात देशभर गाजला. तो ज्या तबकडी कंपनीत गात असे तिच्याच पटावर अलाबामाची अंध मंडळीही होती. त्यांनाही तसेच सांगणे आले: गाणी बदला, पैसा आहे. त्यांनी नाही म्हटले. फाउंटनने देवाला शब्द दिला होता आणि शब्द दिला म्हणजे दिला, एवढाच त्याचा हिशेब.

ह्या नकाराची किंमत किती पडली हे लक्षात घेतले पाहिजे, कारण एरवी असली गोष्ट फार सोपी वाटते. सोल गायक मोठमोठ्या नाट्यगृहांत गाऊ लागले तेव्हा ही मंडळी मोटारीतून रात्र रात्र प्रवास करून लहानशा देवळांत गात होती. १९६० नंतरच्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या चळवळीच्या मदतीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. पण तरुण पिढीचा कान दुसरीकडे गेला होता. १९६९ मध्ये फाउंटन स्वतः मेळा सोडून एकट्याने भक्तिगीते गाऊ लागला. दहाएक वर्षांनी परत आला. १९८३ साली एका ग्रीक शोकनाट्याच्या भक्तिगीतमय रूपांतरात ह्या सर्वांनी मिळून अंध राजा ईडिपसची एकच भूमिका केली, तेव्हा कोठे देवळाबाहेरच्या जगाने त्यांची नीट दखल घेतली. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

आमच्या भागातील वाचकांना हा प्रश्न अनोळखी वाटू नये. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांनी गावच्या पोरांस स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले, ते मिस्सा आणि लादाईन्हा साजरी व्हावी म्हणून. तीच पोरे पुढे मुंबईस गेली आणि तेथील नाचघरांतून व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजवू लागली. माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन ह्यांच्या संगीताची रचना करणारे सेबास्तियन डिसोझा, ही त्यांतील मोठी नावे. चर्चने शिकविलेला स्वर बाजारात विकला, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे म्हणवत नाही. त्या पैशावर गोव्यातील किती घरांची चूल पेटली ह्याचा हिशेब कोण मांडणार?

आमच्या कणकुंबीच्या माथ्यावर पाऊस एकच पडतो. त्यातले काही पाणी मलप्रभेत उतरून पूर्वेस कृष्णेकडे जाते आणि काही कळसा नाल्यातून पश्चिमेस म्हादईला मिळते. पश्चिमेकडचे ते पाणी पुन्हा पूर्वेस वळवावे की नाही ह्यावरून कर्नाटक आणि गोवा ह्या राज्यांचा तंटा वर्षानुवर्षे चालला आहे. त्या तंट्यात मला पडावयाचे नाही. पण देवळातून निघून बाजाराच्या दिशेने वाहत गेलेले गाणे पुन्हा देवळाकडे वळविता येते काय, असा प्रश्न मनात आला की मला हाच डोंगर आठवतो.

कारण सत्तरी गाठलेल्या ह्या अंधांनी नेमके तेच करून दाखविले. २००१ साली त्यांची ‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’ ही मुद्रिका निघाली आणि २००२ साली ‘हायर ग्राउंड’. दुसरीत त्यांनी सोल संगीतातील नावाजलेली गाणी घेतली. पहिलेच गाणे कर्टिस मेफिल्डचे ‘पीपल गेट रेडी’. मेफिल्ड हा आजीच्या देवळात गाऊन वाढलेला. १९६५ साली त्याने हे गाणे बाजारासाठी केले खरे, पण त्यात प्रवासाला निघालेल्या लोकांची जी प्रतिमा आहे ती सरळ देवळातून आलेली. अंध मंडळींनी ते गाइले तेव्हा त्यात बदलावे असे फारसे काही नव्हतेच.

मुद्रिकेचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते ‘हायर ग्राउंड’ स्टीव्ही वंडर ह्या गायकाचे, १९७३ सालचे. वंडरही जन्मापासून जवळजवळ अंधच. हे गाणे बाहेर पडल्यावर काही आठवड्यांतच मोटारीच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि तो अनेक दिवस बेशुद्ध होता. त्याचा एक सहकारी रुग्णालयात त्याच्या कानाशी लागून हेच गाणे गाऊ लागला, तेव्हा त्याची बोटे तालावर हलू लागली. तो सहकारी आयरा टकर ह्या जुन्या भक्तिगायकाचा मुलगा होता. गाण्यात पुन्हा पृथ्वीवर येण्याची जी कल्पना आहे ती आपल्या शिकवणुकीत बसणारी नाही, हे मी येथे सांगून ठेवतो. तथापि पडलेल्या माणसाला परमेश्वर पुन्हा उभे राहण्याची संधी देतो, ह्या अर्थाने त्या म्हाताऱ्यांनी ते गाइले, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ उरत नाही.

त्यांची निवड पाहण्यासारखी आहे. सोल संगीतात प्रेमाची, विरहाची गोड गाणी ढिगाने आहेत. तरुणपणी ज्यांना नाही म्हटले ती त्यांनी म्हातारपणीही घेतली नाहीत. परमेश्वरापुढे उभे राहून जी म्हणता येतील तेवढीच घेतली.

२००१ च्या मुद्रिकेतील एक प्रयोग मात्र माझ्यासारख्या धर्मगुरूला अडखळविणारा आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र बहुतेकांना ठाऊक असेल. ते लिहिणारे जॉन न्यूटन हे आधी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजावरचे कप्तान आणि मग धर्मोपदेशक. हे स्तोत्र अंध मंडळींनी ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ ह्या जुन्या लोकगीताच्या चालीवर बसविले. ते लोकगीत न्यू ऑर्लिन्समधील एका बदनाम घराविषयी आहे, असेच सामान्यतः समजले जाते. पवित्र शब्द आणि असल्या घराची चाल! प्रथम ऐकताना मी अस्वस्थ झालो. पुन्हा ऐकले तेव्हा जाणवले की पापी माणसाच्या सुटकेचे ते शब्द त्या उदास चालीत जितके खरे वाटतात तितके नेहमीच्या गोड चालीत वाटत नाहीत. मिस्सेत ते ह्या चालीवर मी म्हणू देणार नाही. पण घरी ऐकण्यास कोणास मना करणार नाही.

चालीच्या बाबतीत फार सोवळे पाळण्याचा आपल्याला अधिकारही नाही. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्या कोणत्या छंदात आहेत? दळणकांडणाच्या आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या. साहेब इंग्लंडात जन्मले, पण लॅटिन वृत्तांचा हट्ट धरून बसले नाहीत. गोव्याच्या आयाबायांच्या ओठी जो छंद होता त्यातच त्यांनी तारणाऱ्याची कथा सांगितली.

‘हायर ग्राउंड’ला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच्या आधीच्या मुद्रिकेलाही मिळाले होते आणि पुढच्या दोन वर्षांतही मिळत गेले. २००५ साली जॉर्ज स्कॉट वारले. फाउंटनची प्रकृती खालावल्याने त्यांचे फिरणे थांबले आणि २०१८ च्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. टालाडेगाच्या त्या शाळेतलेच जिमी कार्टर त्यानंतर मेळा पुढे नेत राहिले. कार्यक्रमाच्या ऐन रंगात कोणाचा तरी हात धरून ते व्यासपीठावरून खाली उतरत आणि श्रोत्यांच्या रांगांतून गात फिरत. २०२३ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या ‘एकोज ऑफ द साउथ’ ह्या मुद्रिकेला २०२४ मध्ये पुन्हा ग्रॅमी मिळाले.

आता मेळ्याचे पुढारपण रिकी मॅकिनी ह्यांच्याकडे आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी तेविसाव्या वर्षी गेली, म्हणजे त्यांनी जग पाहिलेले आहे. पद्धत मात्र जुनीच चालू आहे: रांगेने, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, सर्वजण व्यासपीठावर येतात, आपापल्या जागी उभे राहतात आणि कोणीतरी पहिला स्वर लावतो.