आरोग्यसंस्थांच्या संपर्क-माहितीचे प्रमाणीकरण

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, तंजावर जिल्ह्यात तिरुक्करुगावूर हे गाव आहे. 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे रक्षण करणे आणि 'ऊर' म्हणजे गाव, अशी या नावाची फोड सांगितली जाते. येथील गर्भरक्षांबिकेच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गर्भवती स्त्रिया येतात. अशा एखाद्या स्त्रीस वाटेत त्रास होऊ लागल्यास तिला कुंभकोणमच्या शासकीय रुग्णालयात अथवा तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयात हलवावे लागते. त्या वेळी पाठविणाऱ्या संस्थेजवळ पुढील रुग्णालयाचा चालू दूरध्वनी क्रमांक नसेल, तर रुग्णाची माहिती तिच्या आधी तेथे पोहोचत नाही.

अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. तमिळ लिपीत 'क' आणि 'ग' यांसाठी एकच अक्षर आहे. त्यामुळे रोमन लिपीत हे नाव कोणी 'क' ठेवून, कोणी 'ग' घालून, तर कोणी एक 'क' गाळून लिहितो. माणसाला हे एकच गाव असल्याचे कळते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती तीन गावे ठरतात. म्हणूनच संस्थेची ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवणे ही प्रमाणीकरणाची पहिली पायरी होय. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील आरोग्यसुविधा नोंदवहीत सरकारी व खासगी रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा आदींना असा स्वतंत्र क्रमांक मिळतो. गावासाठीही पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक उपलब्ध आहे.

खरी गुंतागुंत दूरध्वनी क्रमांकाची आहे. तंजावरचा एसटीडी संकेतांक ०४३६२, तर कुंभकोणमचा ०४३५. एका नोंदीत आरंभीचे शून्य असते, दुसरीत नसते, तिसरीत संकेतांकच गाळलेला असतो. आंतरराष्ट्रीय ई.१६४ पद्धतीनुसार देशाचा ९१ हा संकेतांक प्रथम येतो व एसटीडीचे शून्य गळते. सर्व नोंदी याच रूपात साठवल्या, तर तुलना व पडताळणी यंत्राकडून होऊ शकते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावणे बंधनकारक झाले. असे नियम क्रमांक फिरविण्याचे असतात, साठवण्याचे नव्हेत. ही दोन कामे वेगळी ठेवलेली बरी.

आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एचएल-७ या संस्थेने 'फायर' नावाचे मानक तयार केले आहे. त्यात संपर्काच्या प्रत्येक नोंदीचे घटक पाडलेले आहेत: साधन कोणते, म्हणजे फोन, फॅक्स की ई-मेल, प्रत्यक्ष क्रमांक, उपयोग, प्राधान्यक्रम, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू. यांतील शेवटचा घटक सर्वांत मोलाचा. बंद झालेला क्रमांक नुसता खोडून टाकण्याऐवजी 'जुना' अशी खूण करून त्याची मुदत संपविता येते; मग इतर यंत्रणांकडील प्रतींमध्येही तो जुना असल्याचे कळविता येते. संस्था आणि तिची इमारत यांच्या नोंदीही तेथे निराळ्या आहेत, कारण एकाच संस्थेच्या दोन आवारांतील प्रसूतिकक्ष व अपघात विभाग यांचे फोन वेगळे असू शकतात.

तंजावरला नोंदींची परंपरा नवी नाही. मराठी राजे दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात रुग्णांची टिपणे ठेवली जात. नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. आजची उणीव नोंद करण्यातली नसून ती ताजी ठेवण्यातली आहे. संस्थेचा संपर्क म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याचा स्वतःचा मोबाइल देण्याची पद्धत सोयीची वाटते. पण बदली झाली की क्रमांक अधिकाऱ्याबरोबर जातो. यावर साधा उपाय असा, की क्रमांक व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या अथवा कक्षाच्या नावे असावा, आणि पदभार देण्याघेण्याच्या वेळी त्याची नोंदवहीतील पडताळणीही व्हावी. ठरावीक मुदतीने प्रत्येक क्रमांकावर प्रत्यक्ष फोन करून पाहण्याचे काम मात्र कोणतेही मानक आपोआप करीत नाही. ते जिल्हा पातळीवर कोणाकडे तरी नेमून द्यावे लागेल.