‘साथ’ आणि ‘वृंद’ : एका वाद्यवृंदाच्या वर्धापनानिमित्त शब्दविचार

मुंबईच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ या संस्थेत २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. २०२६ हे त्याच्या विसाव्या वर्धापनाचे वर्ष होय. अशा समूहाचा वर्धापन साजरा करताना नेमके कोणाचे आयुष्य मोजले जाते, हा प्रश्न भाषाभ्यासकाला समूहाच्या नावापाशीच भेटतो. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द मराठीत रुळला खरा. परंतु सामान्य बोलण्यात त्याचा अर्थ चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम असा होतो. मग या समूहास मराठीत काय म्हणावे?

मराठीत वादकसमूहाला नावे नाहीत असे नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाताना पाटसच्या अलीकडे चौफुला लागतो. तेथील कलाकेंद्रांत संगीत बारी चालते. ‘बारी’ म्हणजे पाळी. तमाशाच्या ‘फडा’ला बहुधा त्याच्या प्रमुखाचे नाव असते, त्यात सूर धरून ठेवणारा तो सुरत्या, ध्रुपद उचलून धरणारा तो झीलकरी. अभिजात संगीताच्या मैफलीत मुख्य कलावंतावाचून इतर सारे ‘साथीदार’ ठरतात. या शब्दांत वादकाचे स्थान कोणा एका प्रमुखाच्या संबंधाने सांगितलेले असते. ‘साथ’ हा शब्द मात्र मुळात असा नव्हता. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे प्रवासी व्यापाऱ्यांचा तांडा. त्यापासून प्राकृत ‘सत्थ’ आणि पुढे ‘साथ’ झाला. सबंध तांड्याचा वाचक असलेला शब्द संगीतात एकामागून चालणाऱ्यांपुरता उरला.

‘वृंद’ या शब्दाचा इतिहास निराळा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त उत्तम वृंदाची घटना आकड्यांनिशी दिली आहे : चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक. मुख्य गायकाचे अनुसरण हा वृंदाचा एक गुण, तसाच परस्परांचे तुटलेले सांभाळून नेणे हाही एक गुण त्याने मानला. म्हणजे वृंदात प्रमुख असतात, परंतु एकच नव्हे. आणि आधार एकाच दिशेने वाहत नाही. १९५२ साली सुरू झालेल्या आकाशवाणी वाद्यवृंदासाठी हाच शब्द योजला गेला.

वर्धापनाच्या कल्पनेवर या भेदाचा परिणाम होतो. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली, गुरूच्या निधनानंतरच्या वर्षी, त्यांच्या स्मरणार्थ सुरू झाला. २०११ साली भीमसेन जोशी निवर्तल्यावर त्यांचेही नाव त्यास जोडले गेले. तेथे वर्षे मोजली जातात ती व्यक्तीच्या स्मृतीची. सिम्फनी वाद्यवृंदात वादक बदलतात, निर्देशक बदलतात. टिकते ती लिहिलेली स्वरलिपी आणि ती एकत्र वाजवण्याची शिस्त. तेथे वर्षे मोजली जातात ती समूहाची.

या दोन कल्पना एकत्र येऊ शकतात काय, याचे उत्तर सदर वाद्यवृंदाच्याच एका कृतीत मिळते. त्याच्या मागणीवरून झाकीर हुसेन यांनी तबला व वाद्यवृंद यांसाठी ‘पेशकार’ ही रचना केली. ती २०१५ साली मुंबईत प्रथम सादर झाली आणि २०१९ सालच्या ब्रिटन दौऱ्यातही वाजवली गेली. ‘पेशवा’ या शब्दात जो फारसी ‘पेश’, म्हणजे पुढे, आहे तोच येथेही आहे. स्वतंत्र तबलावादनाच्या आरंभी विलंबित लयीत जो विस्तार करतात तो पेशकार. बोलांचा आराखडा ठरलेला, खुलावट वादकाची. या रचनेत वाद्यवृंद लिहिलेले वाजवतो, तर तबल्याला उपजेस जागा राहते. एरवी साथीचे मानले गेलेले वाद्य येथे पुढे येते, आणि सबंध वृंद त्यास साथ करतो.

तेव्हा अशा समूहास ‘वाद्यवृंद’ म्हणणे हे केवळ भाषांतर नव्हे. जवळजवळ आठ शतकांपूर्वी याच भूमीत ज्या शब्दाने परस्परांस सावरण्याचा गुण सांगितला गेला, तो शब्द पुन्हा त्या अर्थाने वापरणे होय. वीस वर्षे कोणी पूर्ण केली, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे : कोणा एकाने नव्हे, वृंदाने. १९५१ साली जन्मलेले झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी निवर्तले. ‘पेशकार’ आता इतर हातांनी वाजवावा लागेल. लिहिलेला भाग वृंदाजवळ आहे, न लिहिलेला भाग कोण पुढे नेतो यावर त्या रचनेचे आयुष्य अवलंबून राहील.